चौथं पान

लाईट काही इतक्यात येत नाही, बसा इथंच. दिग्विजयची गोष्ट सांगतो. विश्रामबागेत आमच्या मागच्या गल्लीत राहतो तो. मला त्यानं स्वतः सांगितली, आणि थापा मारणाऱ्यातला तो नव्हे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

दोन हजार पंचवीसची सर्वपित्री अमावास्या. रविवार. दुपारी दिग्विजय केळीची पानं आणायला निघाला. दारात चपला घालताना म्हणाला, "तीन बास न्हवं?"

त्याची बायको, क्रांतीवहिनी, आतून म्हणाल्या, "चार आना."

चौथं कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही. त्याला कळलं होतं.

आषाढात कंपनीचा फोन आला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा राजवर्धन मालवाहू जहाजावर नोकरीला. रात्रीतून डेकवरून दिसेनासा झाला, शोध थांबवलाय, एवढंच सांगितलं. देह नाही, अंगावरचा कपडा नाही. भावकी म्हणाली, दहावं उरकून घ्या. वहिनींनी ठणकावलं, "बघितल्याबिगर माज्या लेकाच्या नावानं पानी सोडायचं न्हाई." दिग्विजय रडला नाही की भांडला नाही. वाढलेलं जेवायचा, ऑफिसला जायचा, परत यायचा. माणसाचा पार दगड झाला होता.

मग त्याला वडिलांचं एक बोलणं आठवलं. आपण मूळचे कोकणातले, मासेमारीवाले. पणजोबा लहान असताना त्यांचा बाप आणि दोन चुलते होडीसकट गेले, म्हणून आईनं पोराला घाट चढवून इकडं आणलं. समुद्रानं नेलेल्यांचं आपल्या माणसांनी काय केलं असेल, ते तरी कळेल, म्हणून गणपती झाल्यावर तो खाली गेला. विचारत विचारत एका खाडीकाठच्या वाडीत धोंडुबाई सापडली. भावकीतलीच, पार वाकलेली म्हातारी. तिला त्या तिघांची नावं तोंडपाठ होती. भिकू, हरी, रायबा.

म्हातारी म्हणाली, "आपल्या घरची रीत हाय बाबा, होडीतून गेलेल्यांना सर्वपित्रीला रातचं वाढायचं. दाराच्या आत, नाव घेऊन. आणि अळणी वाढ. मिठाचं पाणी पोटभर गिळलंय त्यांनी, परत मीठ नको होतं त्यांना."

"आणि आलं न्हाईत तर?"

"गेलेला असला तर येतोच. जिवंत माणसाचं पान सकाळी जसंच्या तसं राहतं."

एवढं ऐकून तो परत आला आणि वहिनींना सगळं सांगितलं. म्हणून चौथं पान.

रात्री त्यांनी पुढच्या सोप्यात चार पानं मांडली. भात, वरण, वडे, खीर, सगळं अळणी. दिग्विजयनं तिघांची नावं घेतली. चौथ्या पानापाशी वहिनी बसल्या, समोरासमोर, पोरगा जेवायला बसला की बसायच्या तशा. राजवर्धनची एक खोड होती. आमटीतला कढीपत्ता, कोथिंबीर, नको असेल ते बोटानं पानाच्या कडेला सरळ रेघेत लावायचा, नेमकं आईच्या बाजूला. रोज बोलणी खायचा, पण खोड गेली नाही.

वहिनींनी त्याच्या पानावर डाव्या हाताला चिमूटभर मीठ वाढलं.

"मीठ कशाला?" दिग्विजय म्हणाला.

"त्यो जित्ता हाय. मेल्याली माणसं खात्यात तसलं अळणी मी त्याला वाढनार न्हाई." मग पदर सावरत म्हणाल्या, "हे पान तसंच ऱ्हातंय का न्हाई बगा. उद्या मी घट बसवनार हाय."

घटाची परडी, माती, धान्य, सगळं त्यांनी देव्हाऱ्यापुढं आणून ठेवलंच होतं.

दाराला कडी घातली. खिडक्या लावल्या. दिवा मालवून दोघं आतल्या खोलीत आडवी झाली.

डोळा लागला नाही.

कधीतरी सोप्यात आवाज झाला. ओल्या पायांचा. मग खीर भुरकल्याचा.

एक. दोन. तीन...

मग बराच वेळ काहीच नाही.

वहिनी हळूच म्हणाल्या, "तिगंच हायती."

"व्हय."

...

आणि मग चौथं कुणीतरी भुरकलं. हळू. गरम खीर भुरकावी तसं. खीर तर कधीच निवली होती...

वहिनींनी त्याचा हात धरला. तो उठला नाही. त्याही उठल्या नाहीत. भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही, असं तो मला म्हणाला. दोघं आढ्याकडं बघत पडून राहिली.

उजाडलं. कडी तशीच होती. खिडक्या बंद. चारी पानं लख्ख.

"मांजर आसंल," दिग्विजय म्हणाला. त्यालाच ते पटलं नाही.

वहिनी चौथ्या पानापाशी जाऊन बसल्या. रात्री बसल्या होत्या तिथंच. किती वेळ बसल्या कुणास ठाऊक. मग उठल्या आणि घटाची परडी उचलून माळ्यावर ठेवून आल्या. म्हणाल्या, "भावकीला फोन करा. दहाव्याचं बगाया सांगा."

दिग्विजय पानापाशी वाकला.

डाव्या हाताला वाढलेलं मीठ तिथं नव्हतं. ते पानाच्या पार दुसऱ्या कडेला होतं. आईच्या बाजूला. ओलं. बोटानं लावल्यासारखी सरळ रेघ...