कृष्णाई सोसायटीचं कच्चं लिंबू

कराडच्या कृष्णाई सोसायटीत टेनिस सुरू झालं, त्या दिवशी नाश्त्याआधीच ते सगळ्यांना यायलाही लागलं होतं.

ही गुरुपंजाची किमया. गुरुपंजा म्हणजे हातात चढवायचा पातळ मोजा. चेंडू येताना पाहून तो मज्जातंतूंमधून सूक्ष्म वीजलहरी सोडायचा आणि तुमचे स्नायू हवे तसे वळवायचा. गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेले पाटणकर आजोबा असा बॅकहँड मारू लागले, की त्यांचे गुडघेच त्यांच्याकडे आश्चर्यानं बघत राहिले.

बी विंगमधल्या उल्का डिंगणकरला मात्र तो मोजा मानवेना. अर्धशिशीसाठी तिच्या मानेत एक यंत्र बसवलेलं होतं आणि या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पहिल्या चाचणीत तिचा उजवा हात झकास सर्व्हिस करत होता आणि डावा डोळा दर चेंडूला सेक्रेटरी वाघमोडेंकडे बघून मिचकावत होता. तातडीची सभा बोलावण्यात आली.

"वहिनी, तुम्ही प्रेक्षक व्हा ना," वाघमोडे तिची नजर चुकवत म्हणाले. "खुर्ची देतो. सावलीतली."

"मला खेळायचंय."

"पण मोज्याशिवाय म्हणजे... चुकाल हो तुम्ही!"

"चुकेन. मग शिकेन."

सभेत हळहळ पसरली. शेवटी पाटणकर आजोबांना तोडगा सुचला. "लहानपणी धाकट्यांना घ्यायचो ना खेळात? तसं घेऊ की. कच्चं लिंबू!"

सगळ्यांना हायसं वाटलं. वाघमोडेंनी कोर्टावर गुण मोजणाऱ्या पंचयंत्राला नियम समजावला: मोजा न घालणारं ते कच्चं लिंबू; ते खेळतं, पण बाद होत नाही, त्याचे गुण धरायचे नाहीत. यंत्रानं मान्य केलं. माणसं लाडानं बोलतात, यंत्रं ते कायम लक्षात ठेवतात.

उल्काचा चेंडू जाळ्यात गेला, की यंत्र म्हणायचं, "खेळ चालू." चेंडू पाण्याच्या टाकीत पडला, तरी "खेळ चालू." पंपघराच्या भिंतीवर सराव करून तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. तिला चषक नको होता. एकदाच, आपल्या नावापुढे पहिल्या पॉइंटचं "पंधरा" ऐकायचं होतं.

एका रविवारी सोसायटीचे अजिंक्यवीर भालेकर तिच्याशी खेळायला उतरले. तिचा फटका नेहमीसारखा वाकडाच होता. पण इतका वाकडा फटका गुरुपंजाला कुणी शिकवलाच नव्हता. भालेकरांचा हात डावीकडे धावला आणि चेंडू उजवीकडून, रेषेवरची धूळ उडवत निघून गेला.

"खेळ चालू," यंत्र म्हणालं.

गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. "अगं बाई, जमलं की आमच्या लिंबाला!"

"भालेकर, तो पॉइंट माझा होता."

"होताच," भालेकर हळूच म्हणाले. "वाघमोडे, वहिनींचा पॉइंट धरा की."

"मोजा घालून चाचणी दिल्याशिवाय नाही धरता येत," वाघमोडे कडेच्या बाकावरून म्हणाले. "आणि चाचणी म्हटली की पुन्हा तो डोळा..."

भालेकर घुटमळले. मग त्यांनी मोजा काढून खिशात कोंबला. "टाका वहिनी एक. बघू तरी."

पहिल्या चेंडूला रॅकेट आधी फिरली, चेंडू मागाहून आला. दुसरा फ्रेमवर आपटून त्यांच्याच कपाळाला लागला. तिसरा डगमगत जाळ्यापलीकडे पडला आणि भालेकर असे ओरडले, की तो आवाज त्यांच्या बायकोनंही कधी ऐकला नव्हता. मग दोघं धावत सुटले. चुकत होते, शिव्या घालत होते, हसत होते.

"भालेकर, कच्चं लिंबू," यंत्रानं भोंग्यावरून जाहीर केलं. "अजिंक्यपद रद्द."

"बाबा, काय हे! सगळे बघतायत!" वरून त्यांची लेक ओरडली.

भालेकरांचं हसू तिथंच थिजलं. त्यांनी घाईघाईनं मोजा चढवला. आधी मनगट सरळ झालं, मग पाठ, मग चेहरा.

"अजिंक्यपद पूर्ववत."

ते जाळ्याशी आले. मोज्यानं तिचा हात हातात घेतला आणि बरोबर शिष्टाचाराइतकाच दाबला. "मजा आली हं, वहिनी."

उल्कानं हात सोडला नाही. त्या मोज्याच्या आत भालेकरांची बोटं अजून थरथरत होती.

"कुणाला, भालेकर?"