चौथं वजन

"डोळे मीट आणि हात पुढे कर," पाव्हणा म्हणाला.

केतकीनं डोळे मिटले. तिच्या बोटांच्या चिमटीत काहीतरी पातळ आणि खरखरीत आलं.

"भाजलेला उडदाचा पापड आहे. मोडू न देता धर. धरलास? आता सांग, किती जोर लावायचा हे तुझ्या हाताला कुणी सांगितलं?"

केतकी विचारात पडली. तिनं तर काहीच मोजलं नव्हतं. हातानं आपला आपण पापड धरला होता आणि बरोबर वेळी थांबलाही होता.

"पुरे झालं, हे हाताला कळतं कसं? हे तुला पहिल्या दिवशीचं कोडं," पाव्हणा म्हणाला. "उत्तर सापडेल तेव्हा सांग. आणि पापड खाऊन टाक. इथे रोज एक लागतोच."

आता हा पाव्हणा म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. तो होता यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं, शिकू शकणारं यंत्र). बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्याकडून त्याला चार दिवसांसाठी म्हणून मागून आणलं होतं. ते चार दिवस काही संपले नाहीत. त्याला न्यायला कुणी आलं नाही आणि इथल्या कुणी त्याला परत पाठवायचं नावही काढलं नाही. म्हणून तो पाव्हणा.

आणि हे 'इथे' म्हणजे बार्शीतली एक कार्यशाळा. तिथे कृत्रिम हात तयार होत. साल होतं दोन हजार अठ्ठावन्न. त्या काळी नववीच्या प्रत्येक मुलामुलीला पंधरा दिवस कुठल्या तरी खऱ्याखुऱ्या कामाच्या जागी जाऊन काम शिकावं लागे. त्याला म्हणत कार्यपंधरवडा. कुणी दवाखान्यात जाई, कुणी रोपवाटिकेत, कुणी बेकरीत. शेवटी त्या जागेचे प्रमुख 'अ', 'ब' किंवा 'क' असा शेरा देत.

केतकी हिंगमिरेला आजवर 'अ' सोडून दुसरं अक्षर कुणी दिलं नव्हतं. तिच्या वह्या इतक्या नेटक्या असत की बाई त्या दुसऱ्या वर्गांना दाखवायला नेत. प्रयोगवहीत तर एक खाडाखोड सापडायची नाही. त्याचं गुपित मात्र सांगतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाचं उत्तर नऊ दशांश आठ येतं हे पुस्तकात छापलेलं असतं. मग उत्तर आधी लिहायचं आणि उलटं गणित करून निरीक्षणं मागाहून भरायची. केतकी एकटीच असं करते असं समजू नका. पिढ्यान्‌पिढ्या पोरं हेच करत आलीत. तुमच्या आईबाबांना विचारा, पण जरा हळूच विचारा.

कार्यशाळेच्या प्रमुख होत्या जमादारबाई. केस पांढरे, चष्मा डोळ्यांपेक्षा गळ्यातच जास्त, आणि बोलणं मोजकं. दुसऱ्या दिवशी त्यांनी केतकीसमोर एक उजवा हात ठेवला. आत धातूची हाडं, वरून गव्हाळ रंगाची मऊ कातडी.

"हा सगुणाबाई कासारांचा. मळणी यंत्रात त्यांचा हात गेला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं बांगड्यांचं दुकान बंद आहे. पुढच्या शुक्रवारी त्या हात न्यायला येतील. याच्या पाच बोटांचं मोजमाप तू करायचंस."

"मी?" केतकी म्हणाली. तिला वाटलं होतं, फार तर झाडलोट करायला सांगतील.

"तूच. वहीवर सहीही तुझीच," असं म्हणून बाई निघून गेल्या.

पाव्हण्यानं काम समजावून द्यायच्या आधी एका वाटीत बर्फ आणला. केतकीला त्यात बोटं बुडवायला लावली. बोटं पार बधिर झाली तेव्हा तो म्हणाला, "आता पुन्हा डोळे मिटून पापड धर."

कटकन आवाज झाला आणि पापडाचे तीन तुकडे टेबलावर पडले.

"बोटं तीच, पापड तसाच, मग मोडला का?"

"मला काही लागतच नव्हतं हाताला," केतकी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे बोटं सारखी काहीतरी कळवत असतात. त्यांनी कळवणं बंद केलं की हाताला थांबायचं कळत नाही."

"अर्धं कोडं सुटलं," पाव्हणा खूश होऊन म्हणाला. त्याला खूश झाल्यावर मान डाव्या बाजूला कलती करायची खोड होती. "या कातडीखाली संवेदक आहेत (दाब, उष्णता वगैरेंची दखल घेणारे बारीक भाग). समज, हाताला आपण सांगितलं, चारशे ग्रॅम वजनाइतका जोर दे. मोटर थोडी फिरते. कातडी कळवते, शंभर झाले. चारशेतून शंभर गेले, उरले तीनशे. म्हणजे अजून हवं. मोटर पुन्हा फिरते. कातडी कळवते, साडेतीनशे. उरले पन्नास. आता मोटर जपून फिरते. शेवटी उरतं शून्य, आणि हात थांबतो. हे सगळं एका सेकंदात पाचशे वेळा चालतं. याला म्हणतात प्रतिभरण (केलेल्या कामाचा परिणाम काम करणाऱ्याला परत कळवणं). आणि दर वेळी जी वजाबाकी उरते ना, तिला आम्ही म्हणतो चूक."

"चूक?" केतकीला तो शब्द आवडला नाही.

"हो. ती कळते म्हणून तर हात सुधारतो."

आता राहिलं मोजमाप. कातडीला ग्रॅम कळत नाहीत, ती फक्त विजेचे आकडे देते. कुठला आकडा म्हणजे किती जोर, हे माणसानं तिला शिकवायचं. ठाऊक असलेलं वजन बोटावर ठेवायचं आणि आकडा वहीत लिहून घ्यायचा; मग वहीतलेच आकडे हातात भरले जात. या कामाला म्हणतात अंशशोधन (माहीत असलेल्या मापाशी ताडून यंत्राचे आकडे पक्के करणं). शंभर ग्रॅमला वीस, दोनशेला चाळीस, तीनशेला साठ, चारशेला ऐंशी, पाचशेला शंभर. आलेखावर सरळ रेघ उमटली पाहिजे.

चार बोटांची रेघ सुतात आली. राहिला अंगठा. शंभरला वीस आले, दोनशेला चाळीस, तीनशेला साठ. केतकीनं चौथं वजन ठेवलं. आकडा आला त्रेसष्ट.

तिनं वजन काढून पुन्हा ठेवलं. त्रेसष्टच. वजनाचं बूड पुसून पुन्हा ठेवलं, तरी त्रेसष्ट. पाचव्या वजनाला तर सहासष्ट. माझंच काहीतरी चुकतंय, तिला वाटलं. चार बोटांची रेघ सरळ येते आणि पाचव्याची येत नाही, म्हणजे गाढवपणा आपलाच. पाव्हणा पलीकडच्या खोलीत होता, विचारायला दहा पावलं जावं लागलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला जमलं नाही असं सांगायचं. ते तिला आजवर कधी करावं लागलं नव्हतं.

तिनं वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, ऐंशी. त्याखाली लिहिलं, शंभर. रेघ सरळ आली. खाली तिनं सही केली.

"वही देखणी आहे," संध्याकाळी जमादारबाई म्हणाल्या. केतकीनं मान डोलावली, पण एरवी व्हायचा तसा आनंद काही झाला नाही.

शुक्रवारी सकाळी पापडाची परीक्षा झाली. इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हाताला एक भाजलेला पापड उचलून ताटात ठेवावा लागे. सगुणाबाईंच्या हातानं पापड अलगद उचलला आणि अलगद ठेवला. केतकीनं सुटकेचा श्वास सोडला. तिचे वडील म्हणत ते खरंच होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी सगुणाबाई आल्या. बसक्या बांध्याच्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि डाव्या खांद्याला बांगड्यांची पिशवी. तीन वर्षं दुकान बंद असूनही पिशवी काही सुटली नव्हती.

"ही व्हय आमच्या हाताची मास्तरीण?" केतकीकडे बघून त्या हसल्या. "इकडं ये पोरी. बांगडी कशी भरत्यात ठावं हाय का तुला?"

त्यांनी आपल्या डाव्या हातात केतकीचा हात घेतला, जरा चोळला, मऊ केला आणि अंगठ्याच्या मुळाशी असा काही दाब दिला की सगळा पंजा मिटल्या कळीसारखा निमुळता झाला.

"हितं सगळं कसब. पापडाला लागतो त्याच्यापेक्षा लई जास्त जोर लागतो. पण पेरू दाबून बघतो त्याच्यापेक्षा कमी. जास्त झाला की बांगडी वाढती." कासार मंडळी बांगडी 'फुटली' असं कधी म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. "आन् वाढली की काच हातात शिरती. सोमवारी नवरीचा चुडा भरायचा हाय. तीन वर्सांनी पयलाच चुडा. म्या सांगून बसलीया त्यांना, की आता सगुणाच भरणार."

केतकीच्या डोक्यात आकडे फिरू लागले. पापडाला लागतो शंभरभर ग्रॅमचा जोर. तिथपर्यंत अंगठा बरोबरच होता. पण चुड्याला लागतील चारशे. हात ऐंशी या आकड्याची वाट बघत बसणार, कारण वहीत तसं लिहिलंय. आणि कातडी तीनशेनंतर दर शंभर ग्रॅमला फक्त तीन आकडे पुढे सरकते. साठावरून ऐंशीवर जायचं तर... ती मनातल्या मनात मोजत गेली. अंगठा चारशेला थांबणारच नव्हता. तो जवळजवळ एक किलोचा जोर लावणार होता, आणि तोही काच चढवताना, एका नवरीच्या हातावर.

जमादारबाई हात खोक्यात ठेवत होत्या. सगुणाबाईंनी पिशवी खांद्यावर सावरली.

"मावशी, थांबा," केतकी म्हणाली. "तो हात नेऊ नका."

मग तिनं सगळं सांगितलं. त्रेसष्ट, सहासष्ट, तीनदा ठेवलेलं वजन आणि खोटे ऐंशी. सांगताना तिला रडू आलं. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जमादारबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. अंगठ्याची कातडी हलकेच उलटी केली आणि भिंगाखाली धरली. "पाव्हणे, हे बघा."

कातडीच्या दोन थरांमध्ये मुगाएवढा हवेचा बुडबुडा होता. बोट जोरात दाबलं की जोर त्या हवेतच जिरायचा, संवेदकापर्यंत पोचायचाच नाही.

"म्हणजे माझी चूक नव्हती?" केतकीनं डोळे पुसत विचारलं.

"वजन ठेवण्यात नव्हती. त्रेसष्ट हा आकडा खराच होता," बाई म्हणाल्या. "कातडी तुला सांगत होती की मी आजारी आहे. तू तिच्या तोंडावर हात ठेवलास. ती चूक तुझी."

पाव्हण्यानं तोवर कपाट उघडलं होतं. त्याच गठ्ठ्यातल्या आणखी अकरा कातड्या आत होत्या. त्यानं एकेक तपासली. चारांमध्ये बुडबुडे निघाले. आणखी चार माणसांचे हात बिघडले असते, आणि ते टळलं एका आकड्यामुळे.

बाईंनी कपाटातून एक जुनी वही काढून केतकीपुढे उघडली. पानभर आकडे, आणि जागोजागी एकेक आडवी रेघ मारलेली. खालचा आकडा स्पष्ट वाचता यावा अशी ती रेघ, शेजारी नवा आकडा, तारीख आणि सही. "माझी पहिली वही आहे. इथे खोडरबर नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? खोडलेलं वाचता आलं पाहिजे. पुढच्याला त्यातूनच कळतं, आपण कुठे घसरलो ते."

केतकीनं आपली देखणी वही उघडली. ऐंशीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी त्रेसष्ट लिहिले आणि सही केली. शंभराचंही तसंच केलं. पान जरा कुरूप झालं. तिला मात्र एकदम हलकं वाटलं.

"पाव्हणे, तुमचं कोडं सुटलं," ती म्हणाली. "हाताला पुरे झालं ते कळतं, कारण त्याची चूक त्याच्यापासून कुणी लपवत नाही."

पाव्हण्याची मान डावीकडे इतकी कलली की कुणाला वाटावं, आता निखळते.

शनिवार-रविवारी दोघांनी नवी कातडी बसवली आणि पाचही बोटं पुन्हा मोजली. सोमवारी सकाळी सगुणाबाई आल्या, तेव्हा बाईंनी चाचणीचा कागद पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या तो कागुद," सगुणाबाई म्हणाल्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला? हिच्याच हातात भरून बघती."

केतकीनं हात पुढे केला. नव्या हातानं तो धरला. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दाब आला, वाढत गेला आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबला. हिरवी बांगडी सरकन मनगटावर उतरली. मग दुसरी आली. सहाव्या बांगडीला सगुणाबाईंनी पदरानं डोळे टिपले, पण हात काही थांबवला नाही. बारा भरल्या आणि त्या तडक नवरीच्या घराकडे निघाल्या. संध्याकाळी निरोप आला, चुडा भरला आणि एकही बांगडी वाढली नाही.

जमादारबाईंनी शेरा दिला 'ब'. "लपवलंस म्हणून 'अ' नाही. सांगितलंस म्हणून 'क' नाही." केतकीनं तो कागद घरी नेऊन सगळ्यांना दाखवला, अगदी शेजारच्यांनाही.

पुढच्याच आठवड्यात शाळेत पुन्हा लंबकाचा प्रयोग होता. केतकीनं वीस झोके मोजले, गणित केलं, आणि उत्तर आलं नऊ दशांश तीन.

"अगं, आठ लिही, आठ," शेजारची मैत्रीण कुजबुजली. "पुस्तकात दिलंय."

"माहितेय मला," केतकी म्हणाली. तिनं नऊ दशांश तीन असंच लिहिलं आणि दोरीची लांबी पुन्हा मोजायला घेतली. "आधी गाठीपासून मोजलं की हुकापासून, ते बघू. तू जरा टोक धर."

मैत्रिणीनं टोक धरलं. दोरी ताणताना केतकीच्या मनगटावरच्या बांगड्या किणकिणल्या. त्या बाराच्या बारा होत्या.