टग्याचा फोटो

त्या दिवशी शाल्मली आईच्या पलंगाशेजारी बसून टग्याच्या भुवया निवडत होती.

कुत्र्याच्या भुवया निवडणं हे आता रीतसर काम झालं होतं. मिरजेच्या प्राणी-निवाऱ्यात आलेल्या प्रत्येक कुत्र्याचे ती ढीगभर फोटो काढायची, आणि त्यांतले भाव वेचून एक चल-फोटो तयार करायची. चल-फोटो म्हणजे व्हिडिओ नव्हे. बघणाऱ्याला तो स्थिरच वाटतो. पण तुम्ही त्याच्याकडे बघत असता तेव्हा फोनचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांकडे बघत असतो. भुवई केसभर वर, मान जराशी कलती, डोळ्यांतला पांढरा भाग किंचित जास्त, असा फोटो तुमच्या नकळत बदलत राहतो, आणि जिथे तुमची बाहुली विस्फारून थबकते तिथे तोही थांबतो. त्यामुळे एकच कुत्रा प्रत्येकाला थोडा वेगळा दिसतो. आणि जो दिसतो त्याला नाही म्हणणं जड जातं. चल-फोटो आल्यापासून निवाऱ्यातले पिंजरे भराभर रिकामे होऊ लागले होते.

"जरा बसतेस का अजून?" आई म्हणाली.

"बसलेच आहे की."

"फोनमध्ये बसलीयेस."

"याला घर मिळायचंय, आई. म्हातारा, त्यात कान फाटलेला. आज फोटो चढवला नाही तर नेणार कोण याला?"

"बघू." आईने फोन हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. "मेला, तुझ्या आजोबांसारखा बघतोय. दवाखान्यात ठेवून आलो होतो आपण त्यांना, तेव्हा..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि फोन परत दिला. "चहा तरी घेऊन जा."

शाल्मली चहा न घेता निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला, आई गेल्याचा.

नागपूरहून भाऊ आला. त्याने रडत रडत विचारलं, "तू भेटली होतीस ना आदल्या दिवशी? काही जाणवलं का गं?"

"नाही रे. अगदी नेहमीसारखी होती."

हेच तिने डॉक्टरांना सांगितलं, मामांना सांगितलं. सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं. निवाऱ्यात तर ती काहीच बोलली नाही. गावाला गेले होते, एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

टग्याचा फोटो अजून साइटवर चढवायचा राहिला होता. चढवण्याआधी नेहमीप्रमाणे तिने तो एकदा तपासायला उघडला.

कुत्रा कुत्राच होता. फाटका कान, पांढरं पडलेलं तोंड. नजर मात्र आईची होती.

पुढच्या आठवड्यात डॉ. फडतरे पुण्याहून आले. चल-फोटो त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता. चहा घेताना शाल्मलीने विचारलं, "सर, फोटो थांबतो तो नेमका कशावर?"

"कुत्र्याच्या भुवईच्या आतल्या टोकाला एक स्नायू असतो," ते खुलून सांगू लागले. "लांडग्याला तो जवळजवळ नसतोच. माणसाच्या संगतीत कुत्र्यानं कमावलाय. ती भुवई उचलली गेली की आपल्याला वाटतं, हा काहीतरी मागतोय. आम्ही एवढंच केलं, की मागणारा कोण ते बघणाऱ्यावर सोडलं."

"म्हणजे?"

"कुणीतरी आपल्याकडे काही मागितलेलं असतं आणि आपण दिलेलं नसतं. ती नजर डोक्यात राहते. आम्ही तिला ऋणदृष्टी म्हणतो. फोटो चाचपडत चाचपडत तिच्यापर्यंत पोचतो."

"अशी नजर सगळ्यांच्या डोक्यात असते?"

"अजून तरी रिकामं डोकं सापडलेलं नाही. आमच्या सौभाग्यवतींना तर कुठल्याही कुत्र्यात मीच दिसतो म्हणे!" ते स्वतःच हसले.

"आणि ते माणूस हयात नसेल तर?"

फडतऱ्यांनी कप खाली ठेवला. "मग फोटो लगेच बसतो, आणि पक्का बसतो. जिवंत माणसाची नजर बदलत जाते हो. मेलेल्याची कशी बदलणार? का विचारलंत?"

"सहज."

या शोधाला एक दुसरी बाजूही होती आणि निवाऱ्याला ती एव्हाना कळून चुकली होती. लोक फोटो बघून, डोळे पुसत कुत्रा घरी नेत. घरी गेलेला कुत्रा कुत्र्यासारखाच बघे, पोळीकडे, दाराकडे, मांजराकडे. "घरी तो तसा बघत नाही हो," अशी तक्रार घेऊन माणसं परत येऊ लागली. काहींनी कुत्रा गॅलरीत बांधला आणि स्वतः आत फोटो घेऊन बसली. शेवटी नियम झाला: कुत्रा घरी गेला की त्याचा चल-फोटो कायमचा पुसायचा.

म्हणून शाल्मलीने टग्याच्या नावापुढे 'उपचार चालू' अशी खूण केली आणि त्याला मागच्या पिंजऱ्यात हलवलं. तिथे कुणी पाहुणा फिरकत नसे. दुपारी सगळे जेवायला बसले की ती औषधांच्या खोलीत दार लोटून फोटो उघडायची. तिथून टग्याचा पिंजरा हाकेच्या अंतरावर होता. तो भुंकायचा, पुढे पुढे कण्हायचा. तिच्या ते कानावर यायचं, आणि ती फोटो बघत राहायची.

दिवाळीनंतर एका दुपारी मार्था आवळे आल्या. मिशन कंपाउंडजवळ त्यांची खानावळ होती, आणि उरलेलं अन्न घेऊन त्या अधूनमधून निवाऱ्यात यायच्या.

"तो कानफाट्या कुठंय गं? त्याला न्यायला आलेय."

"फोटो बघितलात त्याचा?" शाल्मलीने दचकून विचारलं.

"मोतीबिंदूत काय फोटो बघणार? मागं एकदा माझ्या पिशवीतलं सुकट पळवलं त्यानं. वर पिशवी चाटून ठेवली, जशी काय धुऊनच दिली. म्हटलं, असला निर्लज्ज घरात पाहिजे."

"आजारी आहे तो, मावशी."

"मीपण आहे. गोळ्या बरोबर खाऊ."

मावशी थांबल्या नाहीत. टग्याच्या आवाजाच्या रोखाने भिंत धरत त्या मागच्या पिंजऱ्यापाशी गेल्या. टग्या उठला. उठताना त्याचे मागचे पाय लटपटले. एवढ्याशा जागेत राहून ते आखडले होते. शाल्मलीने कडी काढली, पण हात दारावरून उचलला नाही.

"हा आजारी नाही," ती म्हणाली. "मीच अडकवून ठेवलाय. हा गेला की फोटो पुसून टाकतात."

"असं आहे तरी काय त्या फोटोत?"

शाल्मलीने फोन उघडून पुढे केला. मावशींनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मला नुसते ढग दिसतात बाई. तूच सांग."

"आई आहे. श्रावणात गेली."

"अगं! आणि बोलली नाहीस कुणाला?" मावशींचा हात चाचपडत तिच्या खांद्यावर आला. "काय झालं होतं? एकाएकीच?"

गुळगुळीत झालेलं ते वाक्य तिच्या तोंडाशी आलं. टग्याने दाराच्या फटीतून मावशींच्या पिशवीत डोकं खुपसलं होतं. दोघींपैकी कुणाकडेच तो बघत नव्हता.

"आदल्या दिवशी तिला धाप लागत होती," शाल्मली म्हणाली. "मोठं वाक्य पुरं होत नव्हतं. मला दिसलं होतं, मावशी. कळलंही होतं. थांबावं लागेल म्हणून मी उठले."