शेजारचा पाय

माझी ताई बावीस वर्षं गाडीत बसली, पण चालवायच्या जागेवर क्वचितच. ती शेजारच्या सीटवर बसायची. गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत त्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. एका तासात ताईचा पाय जितक्या वेळा खाली गेला, तितके त्या दिवसाचे 'पाय' ती खिशातल्या डायरीत लिहायची. पहिल्या दिवशी तीस-बत्तीस. पुढे कमी होत जायचे. शून्य पाय झाले की माणूस परीक्षेला बसायला मोकळा.

"आज किती पाय?" हा आमच्या घरात जेवताना विचारायचा प्रश्न होता.

गेल्या वर्षी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. बोलणं आठवड्यात परत आलं, चालणं दोन महिन्यांत. डावा हात मागे राहिला. हलायचा, पण उशिरा. "हाक मारली की आत चपला शोधत बसतो मेला," असं ती हाताबद्दल म्हणायची. दोन्ही हातांनी गाडी चालवून दाखवल्याशिवाय शिकवायचा परवाना परत मिळणार नव्हता. मुदत सहा आठवडे. त्यानंतर कायमचा रद्द.

मी जमीन मोजतो. तिवई, दुर्बीण, वही. ताई मला मोजपट्टी म्हणते. पुढचं सगळं वहीतून उतरवतोय. वहीत जे नाही ते नाही म्हणूनच सांगेन.

*

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी उपाय सुचवला: मोटारींच्या शर्यतीचा गेम, टेबलाला घट्ट बसवायचं स्टिअरिंग, खाली पायांसाठी पेडल, उजव्या हाताशी हँडब्रेकची कांडी. त्यातही ड्रिफ्टिंग. म्हणजे गाडी मुद्दाम घसरवायची आणि आडवी घसरत असतानाच वळण काढायचं.

"घसरवायची?" ताई म्हणाली. "मी बावीस वर्षं लोकांवर ओरडतेय, हेच करू नका म्हणून."

"त्याशिवाय डावा हात पळणार नाही, असं बाई म्हणाल्या."

"तुझ्या बाईंना एल बोर्ड लावून पाठव माझ्याकडे."

तरी बसली. मी शनिवार-रविवारी घरी असायचो, म्हणून शनिवार-रविवारी, दुपारी दोन ते तीन. बाकीचे दिवस ती रबरी चेंडू पिळत बसायची.

डोंगरातला रस्ता, बारा वळणं. आम्ही सातवं निवडलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा, कठड्यापलीकडे दरी. वळण उजवं. वेगात शिरायचं, हँडब्रेकची कांडी क्षणभर ओढायची, गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. त्याच क्षणी स्टिअरिंग उलटं, डावीकडे, झटकन. ॲक्सिलरेटर अर्धा धरून ठेवायचा. नजर गाडीच्या नाकासमोर नाही, जिथे जायचंय तिथे. डावा हात पापणी लवण्याइतका उशिरा आला, तरी गाडी भोवऱ्यासारखी गरगरते.

*

दिवस १. गाडी गरगरली: प्रत्येक वेळी. कठड्यावरून खाली: एकदाही नाही.

हे दुसरं मला खटकलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या असतात. ॲक्सिलरेटर दाबला की हिरवी चढते, ब्रेक दाबला की लाल. गाडी कठड्याला टेकायच्या आत लाल पट्टी भरायची आणि गाडी थांबायची.

"ब्रेक छान मारतेस," मी म्हटलं.

"मी ब्रेकला पायच लावला नाही."

मी खाली वाकून पाहिलं. तिचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, डावा चटईवर सपाट. वर लाल पट्टी भरली, रिकामी झाली.

सवयीने मोजलं. तासाभरात एकतीस.

दिवस २. नवी वायर आणली. सत्तावीस.

दिवस ३. ब्रेकचं पेडल पूर्णच सुटं केलं, वायर काढली, पेडल कपाटावर ठेवलं. ताई म्हणाली, "आता कपाटावर चढून दाबेल."

बावीस.

पेडल कपाटावर होतं. मी तासातला निम्मा वेळ त्याच्याकडेच पाहत होतो. ते हललं नाही.

दिवस ४. चोवीस. अर्ध्या तासानंतर ताईने खेळ मधेच थांबवला. स्टिअरिंगच्या आतली छोटी मोटर घरघरत होती, पंखा फिरत होता.

"मोजपट्टी, हा शेजारचा पाय आहे."

"म्हणजे?"

"गाडीतला दुसरा ब्रेक. कोणीतरी शिकवतंय मला." प्लंबरने गळती कुठून लागलीय ते सांगावं, तसं तिने हे सांगितलं. "आणि चांगलं शिकवतंय. घाबरट मास्तर आधीच दाबतो. हा थांबतो. मला पूर्ण चुकू देतो, माझी चूक मला दिसू देतो आणि मग शेवटच्या वितीवर दाबतो. एकदम नाही. आधी टाच, मग चवडा."

"पट्टीवरून तुला टाच कळते?"

"तुला दुर्बिणीतून चढ कळतो ना?"

तिच्या डावीकडे एक रिकामी खुर्ची होती. मी नेहमी तिच्यावरच वही ठेवायचो. त्या दिवसापासून ठेवली नाही. याचं कारण वहीत नाही.

दिवस ५. पंधरा. गाडी पहिल्यांदा आडवी राहिली. दोन सेकंद.

दिवस ६. अकरा.

दिवस ७. सहा. ताई गेमशी बोलते. "हो हो, कळलं," असं. माझ्याशी नाही.

दिवस ८. दोन. हात आता हाकेसरशी येतो. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, मी असं पाहिलेलं नाही. आम्ही त्यांना लाल पट्टीबद्दल काही बोललो नाही.

दिवस ९.

ही नोंद मी तीनदा लिहिली, दोनदा खोडली. ही तिसरी.

दोन वाजून चाळीस मिनिटं. खिडकीत ऊन. ताई सातव्या वळणात शिरली, कांडी ओढली, गाडी आडवी झाली आणि डावा हात अगदी वेळेवर आला. सगळं बरोबर होतं. दोघांनाही ते कळलं.

तेवढ्यात लाल पट्टी तळापासून टोकापर्यंत भरली.

गाडी जागच्या जागी थांबली. रस्त्यावर आडवी.

"मी चुकले नव्हते," ताई म्हणाली.

पट्टी रिकामी होईना. स्टिअरिंगची मोटर गप्प झाली. मी घड्याळाकडे पाहिलं. ही माझी सवय, धाडस नव्हे.

या गेममध्ये माणसं नाहीत. जनावरं नाहीत, पक्षी नाहीत. रस्ता, कातळ, कठडा, गाड्या, एवढंच.

कातळाच्या बाजूने एक लहान सावली आली. नुसती सावली, वर कोणी नाही. आमच्या गाडीपुढून धावत गेली आणि कठड्यापाशी नाहीशी झाली.

चार सेकंद.

पट्टी भरलेलीच.

मग दुसरी आली.

तिचं पुढचं टोक रस्ता ओलांडून कठड्यापलीकडे दरीवर गेलं, तरी मागचं टोक कातळातून निघालंच नव्हतं. ती घाईत नव्हती. काळीही नव्हती. तिच्याखाली रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसत होते, पण खोल, तळ्याच्या तळाशी असावेत तसे. मी आयुष्यभर लांबी-रुंदी मोजत आलोय. ती मोजावी असं मनातसुद्धा आलं नाही. धरणाच्या भिंतीखाली पहिल्यांदा उभं राहिल्यावर तोंडातला शब्द तोंडात राहतो, तसं झालं. भीती नव्हती. भीती वाटायला आपण आहोत हे आठवावं लागतं.

सात सेकंद.

गेली.

लाल पट्टी हळूहळू रिकामी झाली. आधी थोडी, मग सगळी.

"पाय फक्त शिकणाऱ्याच्या चुकीसाठी नसतो," ताई म्हणाली. "कधी कधी रस्त्यासाठी असतो."

तेव्हा लक्षात आलं की खोलीतला दिवा चालू आहे. भर उन्हात. बटणावर माझाच हात होता. मी कधी उठलो, ते वहीत नाही.

पाय: एक. अकरा सेकंद.

दिवस १०. शून्य.

सातवं वळण. गाडी आडवी झाली आणि आडवीच राहिली, होडी धक्क्याला लागते तशी सावकाश, टायरांचा धूर मागे सोडत. कठड्यापासून वीतभर अंतर राखून अख्खं वळण पार केलं. ताईने स्टिअरिंग सोडलं, डाव्या हाताकडे पाहिलं, मग डावीकडच्या खुर्चीकडे पाहून मान किंचित लववली. तिचे विद्यार्थी शेवटच्या दिवशी तिच्यापुढे लववायचे, तशी.

*

परीक्षा झाली. तपासनीस शेजारी बसला, त्याचा पाय एकदाही खाली गेला नाही. परवाना परत आला. गेम आम्ही पुन्हा लावला नाही.

पहिली विद्यार्थिनी मिळाली ती कोपऱ्यावरच्या टेलरबाई. पन्नाशीच्या. शिवणयंत्राच्या सवयीने ॲक्सिलरेटरवर सारखा पाय हलवायच्या.

"आज किती पाय?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"एकतीस."

"भारी आहेत बाई."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. का, ते माहीत होतं, पण माहीत करून घ्यायचं नव्हतं. आठव्या दिवशी जेवण झाल्यावर ताईने आपली डायरी माझ्यापुढे सरकवली. मी वही आणली. शेजारी शेजारी ठेवल्या.

एकतीस. सत्तावीस. बावीस. चोवीस. पंधरा. अकरा. सहा. दोन.

वहीतले आकडे अडीच महिन्यांपूर्वीचे. डायरीतले या आठ दिवसांचे.

"तुला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी. बावीसनंतर चोवीस. मधेच असं वाढत नाही कोणाचं. टेलरबाई त्या दिवशी घरून भांडून आल्या होत्या."

मी वहीचं पुढचं पान उलटलं नाही. दोघांनाही ते पाठ होतं.

"उद्या जाऊ नकोस."

"बरं."

"खरंच सांगतोय. आजारी आहे म्हण. टेलरबाईंना दुसरं कोणी शिकवेल."

"मोजपट्टी," ती म्हणाली, "ती लहान सावली आठवते ना? मी नाही गेले, तर पाय कोण ठेवणार?"

तिने डायरी उचलली. डाव्या हाताने. सहज.

*

नववा दिवस. मी कामावर गेलो नाही. दोन चाळीसला खिडकीत उभा होतो. रस्त्यावर रोजचंच होतं सगळं.

ती सव्वातीनला आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, माझ्यासमोर बसली. मला रात्रीच्या जेवणापर्यंत थांबवेना.

"आज किती पाय?"

"एक."

ती डाव्या हाताचा तळवा उलटा सुलटा करून पाहत होती.

"उजवं वळण होतं. टेलरबाई छान चालवत होत्या. एकदम मुलगी आली. शाळेची. उभ्या टेंपोच्या मागून, धावत. मी आधीच दाबलेला होता. गेली ती पुढून. पलीकडच्या फुटपाथवर पोचली, वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"मग?"

"टेलरबाई म्हणाल्या, गेली हो ती, सोडा आता पाय. मी म्हटलं, थांबा."

"का?"

"अजून जायचं होतं."

पंखा फिरत होता. मी विचारू का नको करत विचारलं.

"तुला दिसलं?"

"नाही रे. रस्ता मोकळा होता. ऊन होतं. मी फक्त पाय ठेवला होता." तिने हात मांडीवर ठेवला. "पण पायाखाली कळतं. गाडी हलत नव्हती, तरी ब्रेक भरत होता. नदीच्या पुलावर उभं राहिल्यावर खालून पाणी जातंय ते कळतं, तसं."

"आणि टेलरबाईंना?"

"त्यांनाही नाही दिसलं. त्या पर्स सावरत होत्या." ताईने वर पाहिलं. "दिव्यांचा धडा मी त्यांना अजून दिलेलाच नाही, मोजपट्टी. खटका कुठे असतो तेसुद्धा दाखवलेलं नाही. पण मी पाय काढला, तेव्हा गाडीचे पुढचे दोन्ही दिवे चालू होते. मी विचारलं, का लावले हो? तर स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या."