भिंतीकडे तोंड केलेली चित्रं

खिळा रिकामा होता.

सईदाने टॉर्चचा उजेड पुन्हा त्याच जागी नेला. सकाळी सात वाजता तिने स्वतः चाचपून पाहिलं होतं, तेव्हा चित्र तिथं होतं. आता साडेदहा झाले होते. अकराला शकुन येणार होती. मोर्शीकडच्या खेड्यातून दोन एसट्या बदलून ती एकच गोष्ट पाहायला येत होती, की चित्रातला माणूस आपला नवरा आहे की नाही. दोन वर्षं तिचा नवरा बेपत्ता होता. सासू म्हणत होती, मंगळसूत्र काढ. शकुन म्हणत होती, आधी पाहू द्या.

आणि नेमकं तेच चित्र गेलं होतं.

सईदा ओट्यावर आली. इनायतुल्लाचाचा उन्हात बसले होते. सत्तरी ओलांडलेला हा पेंटर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"चाचा, संत्र्याच्या पेटीच्या फळीच्या चौकटीचं चित्र तुम्ही काढून ठेवलं का?"

"मी? मले माह्या हाताची बोटं दिसत नाही बेटी, अन् मी चित्र काढून ठेवीन?"

रंगारपुरा ही अमरावतीतली कलंदर गल्ली. बँडवाले, कव्वाल, नाटकवाले, मुशायऱ्यात दाद न मिळालेले शायर आणि पाट्या रंगवणारे पेंटर इथं दाटीने राहत. सकाळी नऊच्या आत उठणाऱ्या माणसाकडे इथं संशयाने पाहिलं जाई. पण गेल्या वर्षापासून शहरात फ्लेक्सचे बोर्ड आले आणि २००६ च्या या डिसेंबरात निम्म्या पेंटरांच्या दारांना कुलपं होती. चित्रकलेची निवृत्त शिक्षिका असलेल्या सईदाला ते पाहवेना. गल्ली उठून जाण्याआधी चार लोकांनी तरी बघावी, म्हणून ती दर रविवारी हौशी मंडळींना इथं पायी फिरवून आणे.

या सैरीतली सगळ्यांत गप्प करणारी जागा म्हणजे चाचांची मागची खोली. गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतून माणसं यायची, मतदानाच्या कार्डावरचा नखाएवढा फोटो द्यायची आणि म्हणायची, याचा मोठा करून द्या, भिंतीला लावायचा आहे. चाचा जुन्या फोटोवरून चेहरा उभा करत. काही चित्रं न्यायला मात्र कुणी परत आलंच नाही. अशी एकतीस चित्रं त्या खोलीत होती, सगळी भिंतीकडे तोंड करून टांगलेली. घरच्यांनी पाहण्याआधी परक्याने त्यांच्या डोळ्यांत पाहू नये, हा चाचांचा नियम. कुणाचंही नाव त्यांनी कधी लिहून ठेवलं नव्हतं.

पाठमोऱ्या एकतीस चौकटींसमोर उभं राहिलं की उगाच वाटायचं, ही माणसं आत्ता वळतील. सईदाला शेकडो वेळा जाऊनही तसंच वाटे, आणि त्याची तिला लाजही वाटत नसे.

आजच्या सैरीत सहा जण होते. कॉलेजच्या तीन मुली. पेपरात लिहिणारी रागिणी. उर्दूचे प्राध्यापक हसनैन सर. आणि अकोल्याहून आलेले ओमप्रकाश, तेलाच्या मिलमधले मुनीम, भुवयांपर्यंत ओढलेली माकडटोपी घातलेले. थंडी होतीच तशी. ओमप्रकाश गल्लीभर बडबडत होते, बँडवाल्यांना क्लॅरिनेटचे भाव विचारत होते. चाचांच्या ओट्यावर मात्र सगळे ऐकत बसले.

"जित्या माणसाचं चित्र काढलं तं डोळ्यांत पांढरा ठिपका देत होतो मी," चाचा सांगत होते. "दिव्याचा कवडसा. गेलेल्याच्या डोळ्यांत नव्हतो देत. खोटं काहून बोलायचं?"

मुलींनी प्रश्न विचारले. हसनैन सरांनी विचारले. मग सईदा सगळ्यांना आत घेऊन गेली. पडद्यामागे अंधारात दोन पायऱ्या खाली उतरतात. मुली एकमेकींवर आदळल्या, हसनैन सरांनी शुद्ध उर्दूत एक शिवी हासडली, तीनदा येऊन गेलेल्या रागिणीनेही भिंत धरली. ओमप्रकाश सगळ्यांच्या मागून आत आले.

"ही सगळी गेलेली माणसं," सईदाने नेहमीचं वाक्य म्हटलं. आवाज थोडा खाली आणून म्हणायची तिची पद्धत होती.

नंतर सगळे कव्वालांची तालीम ऐकायला गच्चीवर गेले. तिथून तिघे मधेच खाली उतरले होते.

सईदाने पोलिसांना फोन केला नाही. हरवलेल्या चित्राची तक्रार घ्यायला हवालदार दुपारी आला असता. तिने सहाही जणांना ओट्यावर बसवलं, चहा मागवला आणि टॉर्च घेऊन पुन्हा खोलीत गेली.

चौकटींवर महिन्याभराची धूळ होती, आणि ती जशीच्या तशी होती. कुणीही एकही चौकट उलटून पाहिली नव्हती. कोपऱ्यातली एक चौकट मात्र भिंतीपासून जरा पुढे झुकली होती. सईदा तिच्यासमोर क्षणभर थांबली. मग हात न लावता बाहेर आली.

"रागिणी, तू खाली काहून आली होतीस?"

"गल्लीचे फोटो काढायला. खोलीत नाही गेले."

"बातमी तूच छापली ना?"

"हो. महिन्याभरापूर्वी चाचांकडून ऐकून लिहिलं होतं, की इथं भुवईवर व्रण असलेल्या एका माणसाचं चित्र पडून आहे. शकुनबाईंनी ते वाचून तुम्हाला फोन केला. मग शुक्रवारी छापलं, की शकुनबाई रविवारी अकराला येणार. चूक झाली का?"

"फळीबद्दल लिहिलं होतं?"

"कसली फळी?"

"हसनैन सर, तुम्ही?"

"वर कव्वालीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. बेगमचा फोन होता. हिला विचारा, मी ओरडत होतो."

रागिणीने मान डोलावली.

"ओमप्रकाशजी?"

ओमप्रकाशांनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं.

सईदा चाचांजवळ बसली. "चाचा, आम्ही वर असताना खोलीत कोणी गेलं?"

"गेलं ना. मले वाटलं तूच हाय."

"मीच, असं का वाटलं?"

"पायऱ्यांवर अडखळलं नाही. त्या पायऱ्या तुले अन् मलेच माहीत."

कव्वालांची बाजाची पेटी वर थांबली होती.

"आता एक विचारते, नीट आठवून सांगा. त्या भुवईवाल्याच्या डोळ्यांत ठिपका दिलाय का तुम्ही?"

"दिला ना. तो मागच्या खोलीत माह्या समोर बसून होता दोन दिवस. चौकटीले फळी त्यानंच आणून देल्ली, संत्र्याच्या पेटीची. म्हणे, काच लावू नका, आठ दिवसांत घरचं कोणी येईल घ्याले. कोणी आलं नाही."

सईदाने हातातला टॉर्च खाली ठेवला. "चाचा! तो माणूस जिवंत बसला होता, हे तुम्ही मला दोन वर्षांत सांगितलं नाही?"

"तू इचारलं कुठं? दर रविवारी तूच लोकांले सांगत होती, सगळे गेलेले हाय म्हणून. मले वाटलं, तुले त्याच्या मागची काही खबर लागली असंल."

स्वतःच्या त्या खाली आणलेल्या आवाजाचा सईदाला मनापासून राग आला. मास्तरीण होती ती. उत्तर तपासल्याशिवाय फळ्यावर लिहू नये, हे तिने तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं.

ती उठली.

"ऐका सगळे. हे चित्र ज्याने हलवलं, त्याने दुसरी एकही चौकट उलटून पाहिली नाही. म्हणजे त्याला चित्र मागूनच ओळखता आलं, फळीवरून. पण कोणत्या फळीमागे कोणता चेहरा आहे, हे पेपरात आलं नव्हतं. शकुनलाही ते माहीत नाही. ते माझ्याखेरीज फक्त दोघांना माहीत होतं. चाचांना, आणि ज्याने ती फळी आणली त्याला."

"म्हणजे चित्रातल्या माणसाला?" रागिणी म्हणाली.

"त्यालाच. तो दोन दिवस त्या खोलीत बसला होता, म्हणून अंधारात अडखळला नाही. चाचांना दिसत नाही, पण आवाज ते विसरत नाहीत. म्हणून गल्लीभर बोलणारा माणूस या ओट्यावर आल्यापासून एक अक्षर बोललेला नाही. पाणी प्यायला गेलो, हेसुद्धा त्याने बोटाने सांगितलं."

सगळ्या माना ओमप्रकाशांकडे वळल्या.

"चित्र बाहेर गेलेलंच नाही. कोपऱ्यातल्या खिळ्यावर दुसऱ्या चौकटीच्या मागे आहे. चोरायचं नव्हतं तुम्हाला. आज तेवढं तिच्या हाती लागू द्यायचं नव्हतं. टोपी काढा, भाऊ."

त्याने टोपी काढली. डाव्या भुवईवर जुना व्रण होता. मुलींपैकी एकीने तोंडावर हात ठेवला. भर उन्हात भूत पाहिल्यावर काय करायचं, हे कुणालाच शिकवलेलं नसतं.

"देवमन नाव हाय माहं," तो म्हणाला.

"हाच तो आवाज," चाचा पुटपुटले. "या अल्ला."

"फोटो काढून घेतला तवा कर्जापायी मराचंच ठरवलं होतं जी. घरी भिंतीले लावाले काहीतरी असावं म्हणून. आमच्या घरी कोणाचाच फोटो नाही. मंग रेल्वेच्या रुळापर्यंत गेलो अन् पाय थरथराले लागले. गाडी आली तशी गेली. त्याच पायानं अकोल्याले गेलो. घरी जायाचं तोंड नव्हतं. जगायचंही नव्हतं, पण रोज भूक लागे." तो थांबला. "शुक्रवारी मिलमध्ये पेपर वाचला. ती येणार म्हणून. एकदा फोटो भिंतीले लागला, हार चढला, का मी खरंच मेलो असतो. ते होऊ द्यायचं नव्हतं मले. पुढचं काही सुचलं नव्हतं."

"आणि तिचं काय होईल, ते सुचलं नव्हतं?" सईदाने विचारलं.

शकुन अकराला पाच मिनिटं असताना आली. पस्तिशीची, उन्हाने रापलेली, हातात कापडी पिशवी. देवमनला पाहून पायरीवरच थबकली. कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

ती रडली नाही. ओरडली नाही. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, भाव न पटलेल्या गिऱ्हाइकासारखं.

"फोटो घ्याले आलती मी," ती म्हणाली.

"शकुन... अकोल्याले होतो मी, तेलाच्या मिलमध्ये," देवमन म्हणाला.

"तू बोलू नको. लेकरांनी इचारलं, बाबा कुठं हाय. मी सांगतलं, देवाघरी गेला. पोरगी रात्री ओट्यावर बसून आभाळातली चांदणी दाखोते मले. आता तिले काय सांगू? तिथून उतरला अन् अकोल्याले तेल मोजून राहिला? मेलेल्याले हार घालता येते. सोडून गेलेल्याले काय घालू मी?"

देवमनने मान खाली घातली. हसनैन सर रुमालाने चष्मा पुसू लागले आणि पुसतच राहिले.

शकुनने पदर खोचला आणि सईदाकडे वळली.

"बाई, फोटो इथंच राहू द्या. आठ दिवस थांबते मी. हा आला तं आला. दिवसाढवळ्या याव, गावासमोरून याव, लेकरांपुढं उभं राहाव. नाही आला, तं पुढच्या रविवारी अकराले मी घ्याले येईन. मंग हा मेला. मंग माह्या दारात उभा राह्यला तरी मेला."

ती निघून गेली. चहा घ्या, असं म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. देवमन तिच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, मोर्शीच्या एसटीचा रस्ता कुठला ते ठाऊक असूनही तिथं उभा राहिला, आणि मग ज्या बाजूला वळला ती बाजू ओट्यावरून कुणाला दिसली नाही.

तो आठवडा सईदाला फार लांब गेला. चित्र तिने धूळ पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून चाचांच्या खाटेवर ठेवलं होतं.

रविवारी तिने सैर ठेवली नाही. दहापासून ती आणि चाचा ओट्यावर बसून राहिले. अकरा वाजले. साडेअकरा झाले. बसस्टँडकडून येणारा प्रत्येक ऑटो गल्लीच्या तोंडाशी मंदावला की सईदा ओट्याच्या कडेला येऊन पाही. बारा वाजले.

"कोणी आलं का बेटी?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"नीट पाह्य."

"पाहतेय चाचा. कोणी नाही."

एक वाजला, तेव्हा चाचा म्हणाले, "फोटो घ्याले ती आली नाही. म्हंजे तो घरी पोचला," आणि त्यांनी पुढे केलेला हात सईदाने घट्ट धरला. दोघंही रडत होती, आणि गल्ली रिकामीच होती.