काठकरी

शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहायला शर्वरी खराडेला मिनिटभरही लागत नसे, पण त्या मिनिटात तिचा अख्खा पावसाळा निघून जाई. बाहेर आली की काठावरच्या माणसांकडे ती नवख्यासारखी बघे. सगळ्याच जलतरणपटूंचं हे होऊ लागलं, तेव्हा नियमांतच तरतूद झाली. प्रत्येकाचं घरचं एक माणूस काठावर उभं राहील आणि भिंतीला हात लागताच पोहणाऱ्याला त्याचं नाव, गाव आणि आपलं नातं सांगेल. या माणसाला काठकरी म्हणत. शर्वरीचे काठकरी तिचे वडीलच, निवृत्तीआबा, कराडच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक.

सगळी करामत मंदकाची. मंदक म्हणजे कानामागे कातडीखाली बसवलेली डाळीएवढी चकती. ती बसवली तेव्हा डॉ. अनुया केंकरे यांनी आबांना समजावलं होतं.

"आबा, मेंदूत घड्याळ नसतं. क्षणात किती गोष्टी टिपल्या, त्यावरून तो वेळ ठरवतो. क्रिकेटचा रिप्ले बघता ना? कॅमेऱ्यानं जास्त चित्रं टिपली की चेंडू हळू येताना दिसतो. मंदक मेंदूला तसं टिपायला लावतो. शरीर त्याच वेगानं पोहतं, पण आत तिला सवड मिळते. हात पाण्यात शिरताना बोट किंचित चुकलं, तर सुधारायलासुद्धा."

"आन् एवढी सवड घेऊन ती करती काय तिथं?"

डॉक्टर हसल्या. "स्वप्नासारखं असतं ते. बाहेर आली की विसरेल."

इथंच तर घोडं पेंड खात होतं. शर्वरी काहीच विसरली नाही. पहिली शर्यत तिला एखाद्या दुपारएवढी वाटली होती. मग सगळ्यांच्याच कानामागे मंदक आले आणि जिंकायचं तर त्याची मात्रा वाढवत नेण्याखेरीज गत्यंतर उरलं नाही. दुखणं मंदक बोथट करी. एकटेपणावर मात्र त्याच्याकडे औषध नव्हतं. खाली तळाची काळी रेघ आणि बोलायला कुणी नाही.

म्हणून शर्वरी शिदोरी मागून न्यायची. "आबा, काहीतरी नवीन सांगा की. तिथं आठवायला."

आबा सांगायचे. डेपोतल्या भानगडी, लग्नाच्या मांडवात शिरलेली म्हैस, शर्वरीच्या आईची पहिली खारट आमटी. आई शर्वरीच्या लहानपणीच गेली होती, त्यामुळे ती आमटी तिला फार पुरली. मांडवात कोण कुठं बसलं होतं, हे आता तिला आबांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण दर शर्यतीला तिला परतायला जास्त वेळ लागू लागला. मागच्या खेपेला तर संध्याकाळपर्यंत ती आबांशी शेजाऱ्याशी बोलावं तशी अदबीनं बोलत राहिली. आबांना पदक नको होतं, पोर हवी होती. पण सांगणार कुठल्या तोंडानं? कृष्णेच्या डोहात डुंबायची खोड तिला त्यांनीच लावली होती.

आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी तिची शेवटची शर्यत ठरली. मंदकाची मात्राही आजवरची सर्वांत मोठी होती.

"या वेळी पावसाळा नाही, आबा. वर्षं म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "आणि एक करा, दुःखाचं काही सांगू नका. तिथं ते कुणाला सांगून हलकं करता येत नाही."

शर्वरीनं टोपी चढवली आणि आबांकडे बघितलं. आबांनी डोकं खाजवलं. सगळं सांगून झालं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तेवढ्यात पुकारा झाला, आणि घाईत आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्यांच्या तोंडून निघून गेली.

"मी सात वर्षांचा व्हतो. माझी आई गेली, पर मला कुणी सांगितलं न्हाई. चुलत्यानं साताऱ्याच्या बोर्डिंगात सोडलं. म्हनला, आई इथंच येईल न्यायला. मी रोज फाटकाचे गज धरून उभा ऱ्हायचो. जेवायलाबी जायचो न्हाई."

"मग?"

"कोन येनार?"

आबांनी जीभ चावली, पण बोललेलं माघारी घेता येईना. शर्वरीनं त्यांचा हात घट्ट दाबला आणि ती ठोकळ्यावर चढली.

आबांनी टॉवेलची घडी मोडली, तोवर शर्यत संपलीसुद्धा. भिंतीला पहिला हात शर्वरीचाच लागला. आबा वाकून भराभर म्हणाले, "तू शर्वरी. गाव कराड. मी आबा, तुझा बाप."

ती सावकाश वर आली. तिच्या नजरेत नवखेपण नव्हतं, आणि क्षणभर आबांचा जीव भांड्यात पडला. मग तिनं त्यांच्या हातातला टॉवेल घेतला आणि स्वतःचं अंग तसंच निथळत ठेवून त्याच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले, नाक पुसलं. वर्षानुवर्षं हेच करत आल्यासारखा तिचा हात सराईत होता.

"किती वेळचा उभा आहेस रे बाळा," ती म्हणाली. "जेवला नसशीलच."

"शर्वरी, मी आबा..."

"ठाऊक आहे मला. आले ना मी आता. चल घरी."

आबांच्या तोंडून हुंदका फुटला. साठ वर्षं आत दाबून ठेवलेला तो हुंदका तिनं छातीशी धरला, आणि खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटलं. भोवती सगळं स्टेडियम शर्वरीच्या नावानं ओरडत होतं. आबांनी एकदा मागं वळून पाण्याकडं बघितलं, पोर अजून वर यायची असल्यासारखं, आणि मग तिचं बोट धरून ते चालू लागले.