समोरच्या पाळण्यातलं वजन

कोन गावाजवळच्या त्या पार्कात काय नव्हतं! पाण्याच्या घसरगुंड्या, आरसेमहाल, पोरांची झुकझुकगाडी, आणि सगळ्यांच्या वर मिरवणारा आकाशपाळणा. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणून अर्धी भिवंडी तिथे लोटायची. आकाशपाळणा मात्र उभा होता तो बायजाबाईच्या भातखाचरात. जमीन पार्कात गेली आणि तिचा मुलगा केसरीनाथ त्याच पाळण्यावर ड्युटीला लागला. "वरशी खाडी दिसंल का रं?" एवढंच म्हातारी विचारायची. चाक फिरायच्या आधीच ती दम्यानं गेली, बिचारी.

जमीन दिलेल्या घरांना गेट बंद झाल्यावर एक फेरी फुकट, असा तिथला रिवाज होता. त्या शुक्रवारी दिवेलागणीला केसरीनाथची लेक करिष्मा आली. आजीचा दमा हिच्याही वाट्याला आलेला, पण पाळण्याचं वेड भारी! एकटं माणूस बसलं की समोरच्या पाळण्यात वाळूची गोणी टाकायची, नाहीतर चाक एका अंगाला ओढतं. केसरीनाथ हे झोपेतही विसरला नसता. लेकीच्या लाडात विसरला.

करिष्माचा पाळणा माथ्यावरून बराच पुढे सरकला आणि लाईट गेली. लोडशेडिंग. जनरेटरही बिघडलेला. अंधारात वरून शिट्टीसारखा श्वास ऐकू यायला लागला.

"बाबा... दम लागलाय... पंप घरी ऱ्हायला..."

केसरीनाथनं ब्रेकचा दांडा धरला. ब्रेक सोडला तर पोरीच्या वजनानं चाक सुसाट खाली येणार. नाही सोडला तर तिचा श्वास किती टिकणार? गोणी टाकावी, तर समोरचा पाळणा हाताबाहेर वर गेलेला.

"आये... सांभाळ गो," तो पुटपुटला, आणि त्यानं ब्रेक ढिला केला.

चाक हललं. पण किती हळू! विहिरीत जपून घागर सोडावी तसं. ओल्या पेंढ्याचा वास आला. समोरचा पाळणा कुरकुरत वर चढत होता, एका कडेला झुकलेला.

खाली येताच त्यानं लेकीला कवटाळलं. तिचा श्वास अगदी मोकळा चालला होता.

"समोर कोन व्हती, बाबा? म्हनली, भिऊ नको, मी हाय..."

तेवढ्यात त्याची बायको पार्वती पंप घेऊन धावत आली. पोर धड आहे हे पाहून तिनं तिला जवळ ओढलं. मग तिलाही ते ऐकू आलं. वर, माथ्यावरच्या रिकाम्या पाळण्यात, कुणीतरी शिट्टीसारखा श्वास ओढत होतं. थांबून थांबून, कुणाला कळू नये असा.

पार्वतीनं तो श्वास ओळखला. सासूच्या उशाशी बसून तिनं किती रात्री तो ऐकला होता. हातातल्या पंपाकडे बघत ती म्हणाली, "अहो... त्यांना खाली आना ना."

लाईट आली. केसरीनाथनं चाक फिरवलं, तो पाळणा खाली चढायच्या फळीशी आणला आणि माणसासाठी उघडावं तसं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. पाळणा सरळ, हलका झुलत होता.

श्वास मात्र अजून वरूनच येत होता, जिथून खाडी दिसते तिथून.